विश्लेषण : गाडीच्या मागून आवाज येतोय; पुढे जायचे की थांबायचे?

आलापल्ली सोडले की भामरागडपर्यंत सुमारे ६५ किलोमीटरचा जंगलरस्ता लागतो. वाटेत गावे आहेत, पण गॅरेज सापडेलच असे नाही. मोबाइलची रेंज येते आणि जाते. अशा रस्त्यावर मागच्या चाकाकडून ‘कर्रर्र’ असा आवाज आला, तर चालकासमोर एकच प्रश्न उरतो : गाडी पुढे न्यायची की इथेच उभी करायची? अनेक जण काच वर करतात, गाण्यांचा आवाज वाढवतात आणि ‘गावात गेल्यावर बघू’ म्हणतात. कधी ते खपून जाते. कधी मात्र गावाआधीच्या उतारावर ब्रेक दगा देतो.

गाडीचे आवाज ओळखायला मिस्त्रीचाच कान लागतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा. आवाज ‘कसा’ आहे हे ओळखायला सवय लागते. पण तो ‘कधी’ येतो, हे कोणालाही टिपता येते. दोषापर्यंत लवकर पोहोचवणारी माहिती बहुतेक वेळा हीच असते.

चंद्रपूर-गडचिरोलीत मागच्या चाकांवर कशाचा ताण येतो?

चार गोष्टींचा : धूळ, उष्णता, पाणी आणि ओझे. घुग्घुस, पद्मापूर, बल्लारपूरकडचे कोळसा वाहतुकीचे रस्ते, गडचांदूर-कोरपन्याचा सिमेंट पट्टा आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीचा मार्ग या सगळ्यांवर बारीक पूड उडत असते. मागचे ड्रम ब्रेक दिसायला बंद डब्यासारखे असले, तरी ते हवाबंद नसतात. बाहेरची पूड आत शिरते, लायनरची स्वतःची भुकटी आतच साचते आणि ब्रेक किंचाळू लागतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपुढे गेल्याचे आपण पाहिले आहे. माणसे आणि सामान धरून दोन टन वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ४९० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. दीड लिटर पाणी ३० अंशांवरून उकळायला एवढी उष्णता पुरते. यातली बरीचशी ब्रेकच पचवतात. बाहेरची हवाच तापलेली असेल, तर ते थंड व्हायला जास्त वेळ लागतो.

पावसाळ्यात रपट्यांवरून पाणी वाहते आणि आठ-दहा जणांचे ओझे घेतलेली गाडी त्यातूनच काढली जाते. ही चारही कारणे एकाच गाडीच्या वाट्याला येतात.

आधी ओळखा : तुमच्या गाडीत मागे नेमके काय आहे?

निम्मा गोंधळ इथेच होतो. बोलेरो किंवा जुनी जिप्सी घ्या. यांच्या मागच्या चाकांना इंजिनची ताकद मिळते. गाडीखाली लांब प्रोपेलर शाफ्ट असतो, मागे गोल हाऊसिंगमध्ये डिफरन्शिअल म्हणजे क्राऊन-पिनियन असते आणि वजन पाट्यांवर असते. ताडोबाच्या सफारीत वर्षानुवर्षे धावलेल्या जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यामुळे आज दिसणारी प्रत्येक जिप्सी काही वर्षे वापरलेली असते आणि तिचे आवाज ऐकत राहणे हा चालकाच्या कामाचाच भाग ठरतो.

स्विफ्ट, टियागो, आय-१० यांसारख्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. मागे फक्त एक आडवा बीम, दोन हब बेअरिंग, शॉकअप, बुश आणि ब्रेक असतात. अशा गाडीच्या मागून घुमण्याचा आवाज येत असताना कोणी ‘डिफरन्शिअल गेले’ म्हणाले, तर तिथे ते मुळात नाहीच.

चार प्रश्न कोणते?

रेडिओ आणि एसी बंद करा. रिकामा, सरळ, कोरडा रस्ता निवडा. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवा, कारण पत्र्यातून आवाज फिरतो आणि मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. मग हे चार प्रश्न विचारा :

• ब्रेक दाबल्यावर येतो का? दाबताच सुरू होत असेल किंवा दाबताच थांबत असेल, तर शोध ब्रेकपासून सुरू करा.

• वेगाबरोबर बदलतो का? वेग वाढला की वाढतो, कमी झाला की उतरतो, पण गिअर बदलल्याने फरक पडत नाही. असा आवाज फिरणाऱ्या चाकाचा, बेअरिंगचा किंवा टायरचा असतो.

• ॲक्सिलेटर दाबल्या-सोडल्याने बदलतो का? बदलत असेल तर इंजिनपासून चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या भागांकडे बोट जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे भाग म्हणजे क्रॉस, प्रोपेलर शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन.

• खड्ड्यात किंवा वळणावर येतो का? फक्त खड्ड्यात येणारी खडखड बुश, शॉकअप किंवा पाट्यांची असते. वळणावर बदलणारी घरघर बेअरिंगची असू शकते.

आणखी एक सोपी चाचणी मोजण्याची आहे. मोटारीच्या चाकाचा परिघ साधारण दोन मीटर असतो. गाडी माणसाच्या झपाझप चालीने, म्हणजे ताशी सात किलोमीटरने नेली, तर चाक सेकंदाला जवळपास एक फेरा घेते. ‘खस्… खस्…’ असा आवाज सेकंदाला एकदा येत असेल, तर तो चाकाचा किंवा ड्रमचा आहे. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. सेकंदाला चारच्या आसपास ‘टक्-टक्’ येत असेल, तर नजर गाडीखालच्या शाफ्टकडे वळवा.

ब्रेकचे आवाज काय सांगतात?

बारीक ‘चीं’ : हलका ब्रेक लावल्यावर येणारा हा आवाज धुळीचा असू शकतो किंवा लायनरचा पृष्ठभाग तापून गुळगुळीत झाल्याचा. डिस्क ब्रेकमध्ये मात्र त्याचा वेगळा अर्थही असतो. अनेक पॅडना धातूची छोटी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. ही धोक्याची घंटा आहे. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलायचा, हा रूढ नियम.

मागच्या ड्रममध्ये अशी घंटा सहसा नसते. लायनर पूर्ण झिजेपर्यंत ड्रम गप्प राहू शकतो आणि पहिला मोठा आवाज थेट लोखंडावर लोखंड घासल्याचा येतो. म्हणून आवाज येण्याची वाट न पाहता सर्व्हिसिंगच्या वेळी ड्रम उघडून लायनर पाहायला सांगा. एका बाजूचे बदलायचे असतील, तर त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही बदला. नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

जाड ‘कर्रर्र’ : हा लोखंडाचा आवाज. लायनर किंवा पॅड संपला आहे, किंवा आत काही तुटून अडकले आहे. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तरी असाच भयंकर आवाज येतो. कधी थोडे मागे-पुढे केल्यावर खडा पडून जातो. आवाज गेला नाही, तर पुढे जाऊ नका.

सकाळचा पहिला ‘खर्र’ : रात्रभर पाऊस झाला की डिस्क-ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो घासून जातो. आवाजही गेला, तर काळजीचे कारण नाही.

सुरू करताच ‘टक्’ : पावसात हँडब्रेक ओढून गाडी तीन-चार दिवस उभी राहिली, तर लायनर ड्रमला चिकटतो आणि गाडी हलवताच मोठा आवाज करून सुटतो. जबरदस्ती केल्यास लायनर शूपासून उखडू शकतो. पावसाळ्यात सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे जास्त बरे.

आवाज मागच्या ड्रमचाच आहे का, हे पाहायचे असेल तर रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरा आणि लिव्हर अगदी हलके वर घ्या. आवाज बदलला, तर दोष मागच्या ब्रेकमध्ये असण्याची शक्यता मोठी. ओल्या रस्त्यावर ही चाचणी करू नका.

एक्सलचे आवाज कसे वेगळे ओळखायचे?

हा भाग बोलेरो, जिप्सीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. ताशी ५० च्या आसपास एका ठरावीक सुरात ‘ऊंऽऽ’ असा आवाज येतो, ॲक्सिलेटर सोडला की थांबतो किंवा सूर बदलतो. हे क्राऊन-पिनियनचे लक्षण. उलट ॲक्सिलेटर सोडल्यावरच सुरू होत असेल, तर पिनियनचे बेअरिंग सैल झाल्याचा संशय घ्यावा. दोन्ही वेळा येत असेल, तर सर्वांत आधी हाऊसिंगमधले तेल पाहा. तेल कमी असताना क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. पण तेल न पाहता तसेच चालवत राहिलात, तर तो खर्च खरोखर येतो.

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ‘टंग’ येतो, तो बहुधा क्रॉसचा. क्रॉसची सुई-बेअरिंग सुकली की ती आधी किरकिरतात आणि नंतर खेळ वाढून टंग वाजू लागतो. पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल झाले तरी असाच धक्का बसतो. यू-बोल्ट पान्याने तपासायला फार वेळ लागत नाही, म्हणून मोठे काम काढण्याआधी ते तपासून घ्या.

बेअरिंग की टायर? पैसे इथेच वाया जातात

या प्रतिनिधीच्या घरची गाडी गेल्या वर्षी चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोलीला जाताना मागून घुमू लागली. एका गॅरेजमध्ये मागची दोन्ही बेअरिंग बदलली. बिल भरले, परतीला निघालो, आवाज तसाच. अभियांत्रिकीची पदवी घेऊनही तोवर आम्ही साधी चाचणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावली. आवाज पुढून येऊ लागला. दोष टायरचा होता. शॉकअप थकल्याने त्याची झीज उंच-सखल झाली होती.

टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला की सूर वेगळा होतो. बेअरिंगची घरघर रस्ता बदलला तरी तशीच राहते. वळणावर मात्र बदलते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर आधी उजवे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढली, तर डावे.

खात्री जॅकवर होते. सपाट जागा घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एक चाक उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला, तर बेअरिंग संशयित. हाताने फिरवा, आत वाळू असल्यासारखी खरखर लागली, तरीही तेच. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

रपटा ओलांडल्यावर काय होते?

भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. पर्लकोटेचा पूर आणि तुटलेला संपर्क ही इथली पावसाळी बातमी. पुराच्या पाण्यात गाडी घालू नये, हे वेगळे सांगायला नको. पण उथळ वाहत्या नाल्यातून गाडी काढणे रोजचेच असते आणि तिथे एक न दिसणारे नुकसान होते.

लांबून आलेल्या गाडीचे डिफरन्शिअल हाऊसिंग तापलेले असते. समजा, आतली हवा ८० अंशांवर आहे आणि नाल्याच्या पाण्याने ती ३० अंशांवर आली. बंद जागेतल्या हवेचा दाब त्यामुळे सुमारे १४ टक्क्यांनी घसरतो आणि हाऊसिंग बाहेरून ओढून घेऊ लागते. हवा आत-बाहेर जाण्यासाठी असलेला ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर झिजलेल्या सीलमधून पाणी आत जाते. ब्रीदरच पाण्याखाली असेल, तर तो स्वतःच पाणी ओढतो. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढरट दिसते आणि बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. घुमण्याचा आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो, तोवर चालक तो नाला विसरलेला असतो. म्हणून खोल पाण्यातून गेल्यावर हाऊसिंगचे तेल तपासून घ्या आणि ब्रीदर साफ करा.

नाला पार करताच आणखी एक काम : हळू वेगात ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. ओले लायनर नीट पकडत नाहीत. घासण्याच्या उष्णतेने ते सुकतात.

मग थांबायचे कधी?

जागेवर थांबा : लोखंड घासल्याचा सततचा आवाज, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाणे किंवा स्पंजसारखे लागणे, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा, एखाद्या चाकातून धूर किंवा जळका वास, चाक डुगडुगणे, चाकाच्या आतल्या बाजूने तेल गळणे. एक्सलचे सील फुटले की तेल थेट लायनरवर जाते आणि ते चाक धरेनासे होते.

हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जा : वाढत जाणारी घरघर, ॲक्सिलेटरवर बदलणारा घुमणारा आवाज, गिअर टाकताना येणारा मोठा टंग, पॅडच्या पट्टीचे किंचाळणे. वाटेत १० किलोमीटरवर थांबा आणि हात चाकाला न लावता जवळ धरून पाहा. एकच चाक इतरांपेक्षा बरेच तापले असेल, तर तिथला ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग जळत आहे. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतू नका. त्याला तडा जाऊ शकतो.

पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवा : धुळीची अधूनमधून ‘चीं’, खड्ड्यातली हलकी खडखड, सकाळी येऊन लगेच जाणारी खर्र.

चालत्या गाडीत ब्रेक गेलाच, तर इंजिन बंद करू नका. पेडल पटापट दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाके अडकून गाडी फिरते.

ब्रेक ऑइलही विसरू नका. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रकारच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळले की पेडल पोकळ लागते. त्याआधी कुठलाही आवाज येत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचे.

जंगलात थांबावे लागले तर?

चंद्रपूर-मोहर्ली, मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा वाघाचा वावर असलेला पट्टा आहे. संध्याकाळनंतर रस्त्याकडेला वाकून चाक तपासणे किंवा गाडीखाली झोपणे टाळा. ब्रेक धरत असेल आणि चाक घट्ट असेल, तर चालण्याच्या वेगाने पुढच्या गावापर्यंत किंवा उजेडापर्यंत जाता येते. ते शक्य नसेल तर इंडिकेटर चालू ठेवा, काचा वर करून आत थांबा आणि रेंज मिळताच ११२ वर मदत मागा. राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ हा क्रमांक आहे.

मिस्त्रीला काय सांगायचे?

‘मागून आवाज येतो’ एवढेच सांगितले, तर मिस्त्री अंदाजाने काम काढतो आणि अंदाजाचे बिल तुम्ही भरता. त्याऐवजी मोबाइल वापरा. मागे बसलेल्या माणसाने फोन मागच्या सीटच्या पायाजवळ ठेवून ३० सेकंद रेकॉर्डिंग करावे आणि त्यातच तोंडाने बोलावे : ‘आता ४०… आता ब्रेक… आता डावीकडे वळण.’ चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत जो आवाज येतच नाही, तो मिस्त्रीला असा ऐकवता येतो.

सोबत चार गोष्टी सांगा : आवाज किती वेगाला येतो, ब्रेकवर काय होते, ॲक्सिलेटर सोडल्यावर काय होते आणि गेल्या दोन महिन्यांत गाडी पाण्यातून गेली होती का. काम झाल्यावर काढलेला जुना भाग पाहायला मागा आणि मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवून बघा. ड्रम साफ करताना मात्र दूर उभे राहा. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेच्या फवाऱ्याने न उडवता ओल्या फडक्याने पुसायला सांगा. मिस्त्रीच्या फुप्फुसांसाठीही ते बरे.

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गावातच दहा मिनिटे काढा. गाणी बंद ठेवून एक फेरी मारा, चार-पाच वेळा ब्रेक लावा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळा. काही नवे ऐकू आले, तर ते आलापल्लीतच दाखवा. पुढचे ६५ किलोमीटर त्यानंतर.